उतारवयातील चित्रसाधना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आमच्यासमोर प्रथम आली ती आपल्याकडचीच नावे. परंतु शिवछत्रपतींपासून लोकमान्यांपर्यंत आणि ज्ञानदेवांपासून सेनापती बापटांपर्यंत सर्वांची चरित्रे मराठी घरांतून आजवर इतक्या वेळा वाचली व सांगितली गेली आहेत की, त्यांत आम्ही नवी भर ती काय घालणार? शिवाय आपण सर्व मंडळी पोटापाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर येऊन राहिलो आहोत. ज्या मुलखाने आपल्याला ठेवून घेतले, त्या विशाल मुलखातील एखाद्या पुरुषाचे स्मरण या निमित्ताने करावे, असे मनात आले. म्हणून आम्ही रवींद्रनाथ ठाकूर यांची निवड केली आहे.

रवींद्रनाथ म्हटले की ‘गीतांजली’, नोबेल पारितोषिक, शांतिनिकेतन आणि राष्ट्रगीत, या चार गोष्टी शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. त्यांविषयी आम्ही येथे फारसे लिहिणार नाही. आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट त्या मानाने अल्पपरिचित आहे. आयुष्यभर शब्दांत वावरलेला हा महाकवी साठी उलटल्यावर चित्रे काढू लागला, आणि मृत्यूपर्यंतच्या अवघ्या बारा-पंधरा वर्षांत त्याने दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. हा केवळ छंद नव्हता. वारंवार खचलेल्या एका मनाने स्वतःला सावरण्यासाठी शोधलेली ती वाट होती, अशी आमची समजूत आहे. ती वाट कशी सापडली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

कलकत्त्याच्या जोडासांको भागातील ठाकूरवाड्यात ७ मे १८६१ रोजी रवींद्रनाथांचा जन्म झाला. महर्षी देवेंद्रनाथ व शारदादेवी यांचे ते चौदावे अपत्य. घर ऐश्वर्याचे, विद्येचे व संगीताचे. पण एवढ्या मोठ्या खटल्यात धाकट्या मुलाकडे पाहण्यास आईला उसंत नव्हती आणि वडील बहुधा प्रवासात असत. मुलाचे बालपण नोकरांच्या ताब्यात गेले. त्यांतील एक नोकर आपली सोय पाहण्यासाठी मुलाला एका जागी बसवी, त्याच्याभोवती खडूचे वर्तुळ काढी आणि रेघ ओलांडलीस तर अनर्थ होईल, अशी भीती घालून निघून जाई. रामायणातील सीतेची कथा ठाऊक असलेला तो मुलगा ती रेघ ओलांडण्यास धजत नसे. खिडकीतून खाली तळे दिसे व तळ्याकाठी वडाचे झाड दिसे. स्नानाला येणारी माणसे, पाण्यावर पडणाऱ्या सावल्या, पारंब्यांतला अंधार हे सारे तो तासन् तास पाहत बसे. पाहण्याची ही सवय त्याला जन्मभर पुरली.

वयाच्या चौदाव्या वर्षी आई गेली. त्यानंतर त्याला माया लावली ती वडीलबंधू ज्योतिरिंद्रनाथ यांच्या पत्नी कादंबरीदेवी यांनी. त्या रवींद्रनाथांहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या. लहानपणी खेळगडी, पुढे कवितांच्या पहिल्या श्रोत्या आणि परखड टीकाकारही त्याच. १८८३ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांचा मृणालिनीदेवींशी विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी, १८८४ च्या एप्रिलमध्ये, कादंबरीदेवींनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. रवींद्रनाथ तेव्हा तेवीस वर्षांचेही नव्हते. या आघाताची जखम त्यांच्या मनातून कधीच पुरती भरून आली नाही. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांच्या कवितांतून व गीतांतून ही आठवण डोकावत राहिली.

येथे आपल्या वाचकांसाठी थोडे विषयांतर करणे आवश्यक वाटते. कारण तारुण्याच्या या काळात रवींद्रनाथांचा आपल्या लोकांशी निकटचा संबंध आला. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ हे १८६३ साली आय. सी. एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि बदलीच्या नोकरीचे जे काही सुखदुःख असते, ते त्यांनी भरपूर अनुभवले. परंतु परमुलखात राहून त्यांनी तक्रार केली नाही. ते मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी रवींद्रनाथ प्रथम त्यांच्याकडे अहमदाबादेस व नंतर मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आत्मारामपंतांची कन्या अन्नपूर्णा हिने या सतरा वर्षांच्या बुजऱ्या तरुणास इंग्रजी बोलण्या-चालण्याचे धडे दिले आणि त्याने तिला नलिनी हे नाव दिले. पुढे १८८३ मध्ये सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना रवींद्रनाथ तेथे राहिले आणि त्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी एक नाटक लिहिले. बंगालमध्ये वाढलेले मराठी लेखक सखाराम गणेश देऊसकर यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तिकेच्या निमित्ताने १९०४ साली त्यांनी शिवाजी महाराजांवर जी दीर्घ कविता लिहिली, ती तर सर्वश्रुत आहे. परप्रांतात राहूनही आपले मराठीपण आणि तेथील भाषा या दोहोंची सेवा करणारे देऊसकर हे आपल्यासारख्या मंडळांचे पूर्वसूरीच म्हटले पाहिजेत.

आता मूळ विषयाकडे वळू. १९०१ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रम काढला तेव्हा विद्यार्थी होते मोजून पाच. शाळेसाठी मृणालिनीदेवींनी आपले दागिने मोडले. पण वर्षही पुरते झाले नाही तोच त्या अंथरुणास खिळल्या. रवींद्रनाथांनी पगारी परिचारिका ठेवली नाही. जवळजवळ दोन महिने स्वतः उशाशी बसून शुश्रूषा केली आणि उकाड्यात हाताने पंखा घातला. २३ नोव्हेंबर १९०२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या कविता ‘स्मरण’ या नावाने संगृहीत आहेत. दुसऱ्याच वर्षी मधली मुलगी रेणुका क्षयाने आजारी पडली. हवापालटासाठी तिला घेऊन ते अल्मोड्यास गेले. मुलीच्या आजारपणात बापाने काय लिहावे? त्यांनी लिहिल्या त्या लहान मुलांच्या कविता. मूल आणि आई यांचे लडिवाळ संवाद असलेल्या. ‘शिशु’ या संग्रहातील कितीतरी कविता त्या काळातल्या आहेत. ज्या घरात आई उरली नव्हती, त्या घरातील लेकरांना त्यांनी कवितेतून आई मिळवून दिली. रेणुका मात्र वाचली नाही. १९०५ साली महर्षी देवेंद्रनाथ निवर्तले. १९०७ साली धाकटा मुलगा शमींद्रनाथ सुटीत मुंगेरला गेला असता पटकीने दगावला. त्याचे वय अकरा वर्षांच्या आतले. तारीख २३ नोव्हेंबर, म्हणजे आईच्या निधनाचीच.

शमीच्या निधनानंतर रात्रीच्या आगगाडीने परत येताना बाहेर स्वच्छ चांदणे पडले होते. त्या चांदण्यात कोठे काही उणे झाल्याची खूण दिसत नाही, आणि या समग्रात आपलाही वाटा आहे, आपलेही काम शिल्लक आहे, असे त्या पित्याच्या मनात आले. ही आठवण त्यांनी पंचवीस वर्षांनंतर धाकट्या मुलीला, मीराला, लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे. १९३२ साली मीराचा एकुलता एक मुलगा नीतींद्रनाथ जर्मनीत वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी क्षयाने गेला, तेव्हाचे हे पत्र. नातवाच्या मृत्यूचे दुःख गिळून मुलीचे सांत्वन करताना त्यांना हेच चांदणे आठवले.

यावरून कोणास वाटेल की, रवींद्रनाथ हे स्थितप्रज्ञ होते, दुःखाने ते ढळत नसत. तसे समजणे त्यांच्यावर अन्यायाचे होईल. १९१३ च्या नोव्हेंबरात नोबेल पारितोषिक मिळाले, साऱ्या जगात नाव झाले, आणि वर्ष उलटण्याच्या आत या माणसाचे मन गडद काळोखात बुडाले. १९१४ च्या सप्टेंबरात पुत्र रथींद्रनाथ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली अवस्था न लपविता कळविली आहे. आपल्या हातून काहीच झाले नाही, पुढेही होणार नाही, जीवन व्यर्थ गेले, असे त्यांना वाटत होते. रात्रंदिवस मरणाची इच्छा पाठ सोडीत नव्हती. जवळच्या माणसांवरचाही विश्वास उडाला होता. ज्या गृहस्थाच्या गळ्यात सारे जग हार घालीत होते, त्याची ही स्थिती! मानसन्मान, पद, पैसा यांनी मन निरोगी राहते, ही आपली समजूत किती भाबडी आहे, हे दाखविण्यास याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी हे दुखणे झाकून ठेवले नाही. आपल्या मुलाला, म्हणजे वयाने व मानाने लहान असलेल्याला, त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले. आपल्या समाजात कितीशा वडीलधाऱ्यांना हे जमते?

त्याच शरद ऋतूत त्यांनी गीते रचण्यास आरंभ केला. शांतिनिकेतनात, सुरुलला, पुढे बोधगयेच्या प्रवासात, दिवसाकाठी एक, दोन, कधी त्याहूनही अधिक गीते उतरत गेली. ‘गीतालि’ हा संग्रह तो हाच. पण शब्दांनाही मर्यादा असतात. विशेषतः ज्याचे शब्द जगभर वाचले जातात, त्याला शब्द मोकळेपणाने वापरता येत नाहीत. प्रत्येक ओळीमागे कीर्तीचा पहारा उभा असतो. १९१८ च्या मे महिन्यात थोरली मुलगी माधुरीलता, घरातील बेला, हीसुद्धा क्षयाने गेली. तिला भेटण्यास ते रोज तिच्या सासरी जात. शेवटच्या दिवशी दारातच बातमी कळली आणि ते वर न जाता तसेच परत फिरले. त्या दुःखाविषयी ते फारसे बोललेही नाहीत.

चित्रकलेशी त्यांचे नाते तोवर दुरूनच होते. घरात अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ यांच्यासारखे पुतणे नामांकित चित्रकार झाले होते. १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले आणि तेथे पुढे नंदलाल बसूंसारखा गुरू लाभला. आपल्याकडचे विनायक मासोजी तेथेच शिकले व तेथेच अध्यापक झाले. स्वतः रवींद्रनाथांनी चाळिशीच्या सुमारास एक रेखनवही घेऊन प्रयत्न करून पाहिला होता. पण पेन्सिलीपेक्षा खोडरबरच अधिक झिजतो, असे मित्रवर्य जगदीशचंद्र बसू यांना थट्टेने कळवून त्यांनी तो नाद सोडून दिला होता.

पुढे ही कला त्यांच्याकडे आली ती मागील दाराने. कवितेचे हस्तलिखित तपासताना जे शब्द ते खोडीत, त्या खोडाखोडीचा केविलवाणा पसारा त्यांना पाहवत नसे. टाकून दिलेले ते शब्द जणू आपल्याकडे सुटकेची याचना करीत आहेत, असे त्यांना वाटे. म्हणून एक खोडलेली ओळ दुसरीला वळणदार रेघेने जोडावी, मधली जागा शाईने भरावी, असे चाले. होता होता त्यातून एखाद्या पक्ष्याची चोच दिसू लागे, कधी सापाचे वेटोळे, कधी कोणत्याही प्राणिसंग्रहालयात न सापडणारे जनावर. १९२३-२४ च्या सुमारास हा प्रकार बराच वाढला.

१९२४ साली पेरू देशाच्या निमंत्रणावरून ते दक्षिण अमेरिकेस निघाले आणि वाटेत आजारी पडून अर्जेंटिनातील ब्यूनोस आयरेस येथे अडकले. तेथे व्हिक्टोरिया ओकांपो या विदुषीने त्यांना आपल्या पाहुणचारात ठेवून घेतले. ऐन तारुण्यात स्वतःच्या मनाची उलघाल चालू असताना या बाईंना ‘गीतांजली’च्या फ्रेंच अनुवादाने आधार दिला होता. जणू त्याचीच परतफेड करण्याची संधी त्यांना लाभली. नदीकाठच्या त्या घरात सुमारे दोन महिने विश्रांती घेत कवी कविता लिहीत होते. एके दिवशी बाईंनी टेबलावरील वही उघडली. लिपी कळत नव्हती, पण खोडलेल्या ओळींतून उगवलेल्या त्या विलक्षण आकृती त्यांना फार आवडल्या. त्यांनी त्यांची मनापासून वाखाणणी केली. पासष्टीकडे झुकलेल्या, आजारी, घरापासून हजारो मैल दूर पडलेल्या माणसाला कोणीतरी त्याच्या कीर्तीविषयी न बोलता त्याच्या रेघोट्यांविषयी बोलले, याचे मोल किती असेल, याची कल्पना करावी. त्या वहीतील कविता १९२५ साली ‘पूरबी’ या नावाने प्रसिद्ध झाल्या व व्हिक्टोरियाबाईंना विजया या नावाने अर्पण झाल्या.

१९२८ पासून त्यांनी कागदावर स्वतंत्र चित्रे काढण्यास आरंभ केला आणि मग तो ओघ थांबेना. शिक्षण असे काही झालेले नव्हते. साधने हाताला येतील ती. लेखणीचे टोक, तिची मागची बाजू, चिंधी, हाताची बोटे. रंग म्हणून बाटलीतल्या रंगीत शाया, प्रसंगी फुलांच्या पाकळ्यांचा रस. लाल आणि हिरवा यांतील भेद त्यांना नीटसा जाणवत नसावा, असे अभ्यासक सांगतात. पण त्याचीही त्यांनी अडचण मानली नाही. चित्र सुरू केले की बहुधा एकाच बैठकीत पुरे करीत आणि त्याला नाव देण्याचे टाळीत. या चित्रांत काय आहे? विचित्र जनावरे आहेत, मुखवटे आहेत, मावळतीच्या पिवळसर उजेडात काळवंडलेली झाडे आहेत. आणि फार करून आहेत ते चेहरे. लांबट, अबोल, पाहणाऱ्याकडे रोखून पाहणाऱ्या डोळ्यांच्या स्त्रियांचे चेहरे. त्या डोळ्यांत अनेक जाणकारांना कादंबरीदेवी दिसल्या. खरे-खोटे करणे कठीण. परंतु चाळीस-पन्नास वर्षे मनात राहिलेले काहीतरी त्या कागदावर उतरत होते, एवढे त्या चित्रांसमोर उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

रवींद्रनाथांच्या कवितेत प्रसन्नता आहे, प्रकाश आहे. तर चित्रांत भय आहे, विरूपता आहे, मुकी व्यथा आहे. जे कवितेच्या ओसरीवर येण्यास संकोचत होते, त्याला चित्रांनी माजघरात जागा दिली. आमच्या अल्प मतीप्रमाणे याची कारणे तीन. पहिले असे की, चित्रकार म्हणून त्यांच्यापाशी सांभाळण्यासारखे नाव नव्हते. शब्दांच्या बाबतीत आपल्यावर जबाबदारी आहे, रेषेच्या बाबतीत आपण मुखत्यार आहोत, अशी त्यांची भावना होती. दुसरे असे की, रेषेला अर्थ विचारावा लागत नाही. दुःखाला नाव द्यावे लागले की ते पुष्कळदा अधिकच खुपते. येथे नाव न देताही ते बाहेर ठेवता येत होते. आणि तिसरे म्हणजे हाताला लागलेले काम. शाई ओली असते, कागद ती शोषून घेत असतो, लगेच काहीतरी ठरवावे लागते. तेवढा वेळ मनाला मागे वळून पाहण्यास सवड राहत नाही. आपल्या आज्या-पणज्या दळताना ओव्या म्हणत, पहाटे अंगणात रांगोळी घालीत, जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवीत. त्यांना ही गोष्ट कोणी शिकविली नव्हती, पण ती त्यांना कळलेली होती, असे वाटते.

ही चित्रे मायदेशी दाखविण्यास त्यांना संकोच वाटे. पहिले मोठे प्रदर्शन भरले ते पॅरिसमध्ये, १९३० च्या मे महिन्यात पिगाल दालनात. आणि ते भरविण्यासाठी धावून आल्या त्या व्हिक्टोरियाबाईच. सव्वाशे चित्रे तेथे मांडली होती. त्याच वर्षी इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्क, रशिया व अमेरिका येथेही ती दाखविण्यात आली. बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयास त्यांनी पाच चित्रे दिली होती; १९३७ साली नाझी राजवटीने अधःपतित कला ठरवून ती तेथून काढून टाकली. इकडे बंगालमध्येही पुष्कळांनी नाके मुरडली. महाकवीने म्हातारपणी हा काय पोरखेळ मांडला, असा एकंदर सूर होता. रवींद्रनाथांनी त्याकडे लक्ष दिले नाही. ते चित्रे काढीत राहिले. काळाचा न्याय असा की, याच चित्रांना भारत सरकारने पुढे १९७२ च्या पुरावशेष व कला-संपदा अधिनियमाखाली राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आणि ती देशाबाहेर नेण्यास बंदी झाली.

१० सप्टेंबर १९३७ च्या संध्याकाळी शांतिनिकेतनात खुर्चीत बसले असता त्यांची शुद्ध हरपली. कलकत्त्याहून डॉ. नीलरतन सरकार धावून आले. सुमारे दोन दिवस ते बेशुद्धीत होते आणि सर्वांनी आशा सोडली होती. शुद्धीवर आल्यावर या शहात्तर वर्षांच्या वृद्धाने मागितले ते रंग आणि कुंचला. जवळ पडलेल्या लाकडी फळीवर त्यांनी एक निसर्गदृश्य रंगविले. गर्द काळोखी अरण्य आणि त्यातून वाट काढीत येणारे सोनेरी उजेडाचे पट्टे. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या या कवीचा हात प्रथम वळला तो रंगांकडे. कविता नंतर आल्या. ‘प्रांतिक’ हा संग्रह त्याच अनुभवातून जन्मला.

अखेरचे वर्ष दुखण्यातच गेले. लेखणी धरवेना तेव्हा ते कविता सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई. व्हिक्टोरियाबाईंनी हट्टाने बोटीवर चढवून दिलेली आरामखुर्ची त्या दिवसांत त्यांच्या उपयोगी पडली. तिच्यावरही त्यांनी कविता केली. ३० जुलै १९४१ रोजी शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी त्यांनी शेवटची कविता सांगितली आणि ७ ऑगस्ट रोजी, ज्या वाड्यात जन्मले त्याच वाड्यात, त्यांनी देह ठेवला. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी पत्नी, तीन अपत्ये आणि नातू यांचे मृत्यू पाहिले. हे सारे सोसून ते कडवट झाले नाहीत, यात त्यांच्या गीतांइतकाच त्यांच्या चित्रांचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. कला हे रामबाण औषध नव्हे. ज्या ठाकूरवाड्यात अष्टौप्रहर काव्य-संगीत चाले, त्याच वाड्यात कादंबरीदेवींना जीवन असह्य झाले आणि कोणालाही वेळीच ते उमगले नाही. मन फारच खचले असेल, मरणाचे विचार येत असतील, तर जवळच्या माणसाला सांगावे व वैद्याकडे जावे. त्यात लाज कसली? केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास आपल्या भाषेत बोलता येते. घरापासून दूर असलेल्यांनी हा क्रमांक टिपून ठेवावा. मात्र औषधाच्या जोडीला पथ्य लागते, तशी कला उपयोगी पडते, हे आता वैद्यकशास्त्रही मान्य करू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा मनःस्वास्थ्याशी असलेला संबंध मांडला. रवींद्रनाथांनी तो आढाव्याची वाट न पाहता स्वतःवर पडताळून पाहिला होता.

हे सारे आम्ही या स्मरणिकेत का लिहिले, ते सांगून लेखणी खाली ठेवतो. आपल्या मंडळात गणेशोत्सवात दरवर्षी चित्रकला स्पर्धा होते. सतरंज्या अंथरतात, मुले रंगपेट्या घेऊन बसतात, दोन तास सभागृह शांत असते. नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून असतात. मुलांच्या नोकऱ्यांपायी त्यांनी गाव सोडलेले असते. शेजाऱ्यांची भाषा येत नाही, बरोबरीचे कोणी नाही, कोणी जोडीदार गमावलेला. दिवसभर ते खिडकीतून बाहेर पाहत असतात. आम्हीही निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलो आहोत. कचेरीतील टेबल सुटल्यावर हातांनी काय करावयाचे, हा प्रश्न आम्हांसही अधूनमधून भेडसावतो. स्पर्धेच्या पत्रकावर मात्र छापलेले असते : वयोमर्यादा चौदा वर्षे.

आपल्या पु. ल. देशपांड्यांनी पन्नाशी गाठल्यावर शांतिनिकेतनात जाऊन बंगाली भाषा शिकली आणि ‘वंगचित्रे’ लिहिली. रवींद्रनाथांनी साठीनंतर रंग हाती घेतले. तेव्हा कार्यकारिणीस आमची नम्र विनंती अशी की, सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ही वयोमर्यादा काढून टाकावी. वडीलधाऱ्यांसाठी बक्षिसे नकोत, परीक्षक तर नकोतच. खाली बसवत नाही त्यांच्यासाठी चार टेबले मांडावीत, कागद आणि रंग ठेवावेत, आणि कोणी काही काढले तर ते काय आहे असे विचारू नये. खर्च फार येणार नाही. सतरंज्या, सभागृह आणि वेळ ही तर आधीच आपल्यापाशी आहेत. पहिल्या वर्षी टेबलाशी कोणीच आले नाही, तर आम्ही स्वतः जाऊन बसू. आम्हांस चित्रकला येत नाही; पण खोडाखोड करण्याचा तीस वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, आणि आरंभाला तेवढा पुरतो, असे रवींद्रनाथांच्या चरित्रावरून दिसते.